कुंटेबाईंची मुदतवाढ

"तुम्हाला आमचं पत्र मिळालं नाही?" देशमान्यांनी विचारलं.

मी पिशवीतून पत्र काढून त्यांच्यासमोर ठेवलं. वर संस्थेचा शिक्का, खाली त्यांचीच सही. सोमवार, चौदा जूनपासून मूकबधिर विद्यालयात शिक्षिका म्हणून रुजू व्हावे. वसतिगृहातली एक खोली राहण्यास मिळेल.

"हे नव्हे बाई. ह्याच्या नंतरचं. मंगळवारी टाकलंय आम्ही."

मंगळवारी टाकलेलं पत्र शनिवारी पहाटे मी निघेपर्यंत परभणीला आलेलं नव्हतं. माझी पत्र्याची ट्रंक आणि वळकटी बाहेर व्हरांड्यात होती. बार्शीच्या स्टँडवरून रिक्षावाल्यानं ती आणून टाकली होती आणि "नव्या बाई का?" असं विचारून तो गेलाही होता.

"काय होतं त्यात?"

देशमान्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. ते संस्थेचे चिटणीस. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे गृहस्थ. मुलाखतीच्या वेळी त्यांनी मला दोनदा चहा घ्यायला लावला होता.

"कुंटेबाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागेवर तुम्हाला घेतलं होतं. पण त्यांनी मुदतवाढ मागितली आणि कार्यकारिणीनं ती दिली. दोन वर्षांची."

"कधी?"

"सोमवारी बैठक झाली."

"म्हणजे माझी नेमणूक रद्द."

"सध्यापुरती," ते म्हणाले. मग स्वतःलाच ते पटलं नसावं, कारण त्यांनी माझं पत्र घडी घालून माझ्याकडे सरकवलं. "आज आता परभणीला गाडी नाही. उद्या सकाळी आहे. रात्रीची सोय आपण करू."

मी सत्तावीस वर्षांची होते. लग्न होऊन जिंतूरला गेले आणि दोन वर्षांत भावाच्या घरी परत आले, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. त्यातलं एक वर्ष पुण्याला राहून मी कर्णबधिर मुलांना शिकवण्याचा अभ्यासक्रम पुरा केला होता. दत्तादादा मला कधी तोडून बोलला नाही. वहिनीही वाईट नव्हती. पण निघायच्या आदल्या दिवशी मी शिकवत होते त्या बालवाडीचा निरोप घेऊन घरी आले, तर माझी खाट उभी करून भिंतीला लावलेली होती आणि त्या जागी भाच्याचं अभ्यासाचं टेबल आलं होतं. वहिनी म्हणाली, "म्हटलं, तुमच्यादेखतच लावून घ्यावं, कुठं बसतंय ते कळेल." मी टेबलाचा पाय धरून तिला ते सरळ करू लागले. पहाटे स्टँडवर दादा म्हणाला, "आता तुझं सगळं मार्गी लागलं बघ," आणि गाडी हलायच्या आतच स्कूटरकडे वळला.

हे देशमान्यांना सांगण्यासारखं नव्हतं. मी व्हरांड्यात येऊन ट्रंकेवर बसले. रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. समोरच्या पटांगणात एक बाई पाठमोऱ्या उभ्या राहून दोरीवरचे कपडे काढत होत्या. देशमान्यांनी मागून हाक मारली, "कुंटेबाई!" त्या कपडे काढत राहिल्या. देशमान्यांनी पुन्हा हाक मारली नाही. पायऱ्या उतरून चालत गेले, त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि मग बोलायला लागले.

मला तेव्हा त्यात काही वेगळं दिसलं नाही. मी त्या बाईंकडे बघत होते. बुटक्या, काटक, सुती पातळाचा पदर खोचलेला. ह्याच त्या.

त्या कपडे तसेच हातावर घेऊन माझ्यापुढे आल्या.

"तुम्ही दुधगावकर?"

"हो."

"मी मनोरमा कुंटे. माझ्या खोलीत चला. दुसरी जागा इथं नाही आणि एकट्या बाईनं लॉजवर राहायचं काही कारण नाही."

"मी स्टँडवर बसेन," मी म्हटलं.

"रागावला असाल तर माझ्यावर रागवा. पण ते खोलीत बसून रागवा. ट्रंकेची ती कडी धरा."

त्यांनी दुसरी कडी धरली. आम्ही दोघींनी ट्रंक उचलली आणि माझी होणार होती त्या खोलीत नेऊन ठेवली.

खोली दहा बाय बाराची. एक लोखंडी पलंग, स्टोव्ह, कोपऱ्यात तिवईवर माठ, आणि खिडकीशी एक खुर्ची. त्यांनी मला त्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः समोर पलंगावर बसल्या.

"उजेडात बसा. मला समोरच्याचा चेहरा दिसला की बरं वाटतं."

त्यांनी चहा केला. तो करता करता त्या बोलत राहिल्या. एकोणीसशे बासष्ट साली तीन मुलांवर शाळा सुरू झाली, एका पत्र्याच्या शेडमध्ये. पहिली पाच वर्षं त्यांना पगार नव्हता. जेवण कुठल्या ना कुठल्या सभासदाच्या घरी असायचं. लग्न राहूनच गेलं. बहीण होती नगरला, ती गेली.

"तिच्या मुलांना लिहिलं होतं मी फेब्रुवारीत. की बाबांनो, मे अखेर मी मोकळी होतेय." त्या थांबल्या. "जागा लहान आहे त्यांची."

"मलाही जागा नाहीये," मी म्हटलं.

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी मान हलवली. "मला कल्पना आहे. तुमचा अर्ज मी वाचला होता. मी बैठकीला गेले आणि हात जोडले सगळ्यांपुढे. तुम्ही येणार हे माहीत असून जोडले. ते काही मी नाकारत नाही."

अशा माणसाशी भांडताही येत नाही. मी चहा संपवला.

संध्याकाळी मुलं यायला लागली. सोमवारी शाळा उघडायची म्हणून पालक आपापल्या पोरांना वसतिगृहात सोडायला येत होते. कुंटेबाई फाटकाशी उभ्या राहून एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. मुलं हातवारे करून त्यांना सुट्टीतलं सांगत होती आणि त्या मुलांना थांबवून, हनुवटी वर करून तोंडानं बोलायला लावत होत्या. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या सोजरबाई पोरांच्या पिशव्या आत नेत होत्या. मी जरा लांब उभी होते. ही माझी मुलं असणार होती, हे सारखं मनात येत होतं.

वैरागकडच्या एका खेड्यातून एक शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आला होता. मुलगी नऊएक वर्षांची, चंपा नावाची. बाप निघाला तसं तिनं त्याचं धोतर धरलं.

"कोण चाललंय चंपा?" कुंटेबाईंनी तिच्यासमोर वाकून विचारलं. "नीट सांग. कोण?"

चंपानं बापाकडे बोट केलं. छाती भरून श्वास घेतला आणि जोरात म्हणाली, "मामा!"

"शाब्बास!" कुंटेबाई म्हणाल्या. "बाबा! किती स्वच्छ म्हणते बघा."

मी चपापले. मुलीनं "मामा" म्हटलं होतं, अगदी स्पष्ट. मला वाटलं, बाई लाडानं तसं म्हणाल्या असतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं समाधान होतं.

मी त्या माणसाच्या मागे फाटकाबाहेर गेले.

"ती तुम्हाला मामा म्हणते?"

"व्हय जी," तो हसला. "तीन वर्सं झाली, मामाच म्हनती. तिची आई लई हसायची पयल्यांदा. आता कुणी हसत न्हाई."

"बाईंना सांगितलं नाही तुम्ही?"

तो जरा गोंधळला. टोपी काढून पुन्हा घातली. "आवं, पोरगी मुकी व्हती. आता हाक मारती. मामा म्हन, काय बी म्हन. बाईंनी लई केलंय तिच्यासाठी. त्यास्नी कशाला वंगाळ वाटू द्यायचं?"

आमच्या अभ्यासक्रमात पहिल्याच महिन्यात हे शिकवलं होतं. प, ब आणि म म्हणताना ओठ सारखेच मिटतात. नुसतं बघून त्यांच्यातला फरक कळत नाही. तो ऐकावाच लागतो. बहिऱ्या मुलाचा "ब" नाकातून आला की त्याचा "म" होतो, आणि शिक्षकानं तो ऐकून तिथल्या तिथं सुधारायचा असतो. नाकावर बोट ठेवायला लावून पंधरा दिवसांत सुधारतो.

मला दुपारी कपड्यांच्या दोरीपाशी मारलेली हाक आठवली. खिडकीतला उजेड आठवला.

जेवायची वेळ झाली. कुंटेबाईंनी स्टोव्हवर पिठलं केलं आणि सोजरबाईंकडून भाकरी आणल्या. त्या पानं मांडत होत्या. पलंगाखाली दोन पाट सरकवून ठेवलेले मला दिसत होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि आवाज मुद्दाम अगदी खाली आणून विचारलं:

"बाई, पाट घेऊ का?"

"अगं, घ्या की," असं म्हणत त्या उठल्या, माठाकडे गेल्या आणि ओगराळ्यानं पाणी काढून तांब्या माझ्यापुढे धरला. "माठ आजच भरलाय. वाळा घातलाय त्यात."

मी तांब्या घेतला नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पलंगाखाली पाहिलं. तांब्या जमिनीवर ठेवून त्या सावकाश खाली बसल्या.

 पिठलं निवून गेलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सहा वर्षं. आधी डावा गेला. आता उजव्यात थोडं घुमतं, तेवढंच." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "कुणाला ठाऊक नाही. मी ओठ वाचायला शिकवते ना मुलांना, तशी स्वतः शिकले. फार सांभाळून राहते."

मी जेवले.  दुसऱ्या दिवशी मी काय करणार, हे त्यांनी विचारलं नाही. मला त्यांनी पलंग दिला आणि स्वतः जमिनीवर सतरंजी घातली. मी नको म्हटलं, ते त्यांनी पाहिलंच नाही. दिवा मालवला होता.

रविवारी सकाळी आंघोळ करून मी पत्ता विचारत देशमान्यांच्या घरी गेले. त्यांचं घर भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत होतं. वाटेत मी सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मुलांचं नुकसान होतंय. ऐकू न येणारी शिक्षिका उच्चार शिकवू शकत नाही. शिक्षण खात्याला कळलं तर अनुदानाचा प्रश्न येईल. प्रत्येक वाक्य खरं होतं. मी मुलांसाठी चाललेय असं स्वतःला बजावत होते आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी मला ती दहा बाय बाराची खोली दिसत होती.

देशमाने ओट्यावर बसून शेंगा निवडत होते. मला बघून उठले. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. चंपाचंही सांगितलं.

 माझं झाल्यावर म्हणाले, "बसा."

"बसायला नाही आले मी."

"बसा हो बाई. आम्हाला माहीत आहे."

मी बसले.

"सगळ्यांना माहीत आहे. कार्यकारिणीला, सोजरबाईला, पालकांना. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला माहीत आहे. तो हिशेब बोलत नाही, कागदावर लिहून देतो त्यांना. फक्त आपण लपवलंय असं त्यांना वाटतं. तर वाटू दे, असं ठरलं. म्हणजे बैठक घेऊन नाही ठरलं. आपोआप ठरलं."

"आणि मुलांचं?"

त्यांनी सुपातल्या शेंगा एकीकडे केल्या, दुसरीकडे केल्या.

"मग असं करा," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "खोली त्यांना राहू द्या. आयुष्यभर राहू द्या. वर्ग मला द्या. मी कुठंही राहीन, स्वयंपाकघरात झोपेन."

"हे सुचलं होतं आम्हाला. मीच गेलो होतो सांगायला. की बाई, नोकरी संपली तरी खोली तुमचीच. तर त्या म्हणाल्या, फुकट राहायला मी काय संस्थेची आश्रित आहे? त्याच दिवशी ट्रंक बांधायला घेतली त्यांनी. कुठं जाणार होत्या? नगरहून तर नकार आलेला. म्हणून मुदतवाढ. काम असलं की राहतील." ते थांबले. "तुम्ही बोलता ते बरोबर आहे. मी तुम्हाला चूक म्हणणार नाही. पण आम्हाला दोघींतली एक निवडायची होती, आणि त्या आमच्या आहेत."

 त्यांची सून चहा घेऊन आली. तो मी घेतला नाही. त्यांनी मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडलं आणि "सांभाळून जा" म्हणाले.

परत आले तेव्हा कुंटेबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. माझी वळकटी त्यांनी बांधून ठेवली होती. केस विंचरलेले, पातळ बदललेलं, जणू त्यांना कुणी बोलावून घेणार होतं.

"देशमान्यांकडे गेला होता?"

"हो."

"माझं सांगायला?"

"हो."

त्यांनी दाराची चौकट धरली. "काय म्हणाले?"

त्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते. मी गल्लीतून येताना हा प्रश्न येणार हे धरून चालले होते, आणि खरं तेच सांगायचं ठरवलं होतं. सगळ्या गावाला माहीत आहे बाई. तुम्ही कुणापासून काही लपवलेलं नाही. हे कळलं की त्या ट्रंक भरतील, हे मला देशमान्यांच्या बोलण्यावरून समजलं होतं. सोमवारी जागा रिकामी होईल आणि मी इथं असेन. नवीन काही करायचं नव्हतं, नुसतं खरं बोलायचं होतं.

"त्यांनी मला वेड्यात काढलं," मी म्हटलं.

"परत सांगा."

"म्हणाले, काहीतरीच काय बोलता. कुंटेबाईंचे कान आमच्यापेक्षा तिखट आहेत." मी शब्द सावकाश म्हटले, म्हणजे त्यांना सगळे दिसतील. "म्हणाले, नोकरी गेली म्हणून असलं बोलणं शोभत नाही."

चौकटीवरची त्यांची बोटं सैल झाली. आधी त्यांनी डोळे मिटले. मग हसल्या, अगदी लहान मुलीसारख्या.

"बघा," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही. तुम्हीच पहिल्या."

"हो."

"तुम्ही चांगलं शिकलात."

मी वळकटी उचलली. एवढ्यावर निघायला हवं होतं. पण पलीकडच्या पडवीत चंपा दुसऱ्या मुलींबरोबर सागरगोटे खेळत होती, आणि मला ते जमलं नाही. मी वळकटी खाली ठेवली आणि पुन्हा त्यांच्यासमोर उभी राहिले.

"बाई, चंपा बाबा म्हणत नाही. मामा म्हणते. तिच्या बापाला तीन वर्षं मामा म्हणतेय."

त्यांना ते पहिल्यांदा कळलं नाही. दोन्ही शब्द माझ्या ओठांवर सारखेच दिसले असणार. लिहून दाखवायला मी पाटी शोधू लागले, नाही मिळाली. मग त्यांचा हात धरून त्यांची बोटं माझ्या नाकाच्या बाजूला ठेवली आणि म्हटलं, "बाबा." नाक थरथरलं नाही. मग म्हटलं, "मामा." त्यांची बोटं माझ्या नाकावरून झटकन उचलली गेली.

त्या तशाच पडवीत गेल्या, चंपासमोर खाली बसल्या आणि तिच्या नाकावर बोट ठेवून तिला म्हणायला लावलं. एकदा. दोनदा. मी दारातून बघत होते. तिसऱ्यांदा त्यांनी तिला थांबवलं, तिचं तोंड आपल्या दोन्ही हातात धरलं आणि नुसत्या बघत राहिल्या.

माझ्याकडे परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडला होता.

"आणखी काय काय चुकीचं शिकवलं मी?"

"मी एक दिवसच होते बाई. मला माहीत नाही."

"नाही, बरोबर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कसं माहीत असणार?"

थोड्या वेळानं मी म्हटलं, "वर्गात ऐकू येणारं कुणीतरी जवळ बसवा. कुणीही चालेल. त्यानं फक्त सांगायचं, काय ऐकू आलं ते."

त्यांनी फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या आणि शेंगाची चटणी माझ्या पिशवीत घातली. रिक्षा आल्यावर ट्रंकेची एक कडी त्यांनी धरली, एक मी.

बार्शीच्या स्टँडवर परभणीकडे जाणारी गाडी लागलेली होती. कंडक्टर दारात उभा राहून "चला परभणी" ओरडत होता. मी तिकिटाएवढे पैसे मुठीत घेऊन उभी होते आणि माझा पाय उचलत नव्हता. ती गाडी माझ्यासमोरून गेली. त्यानंतर तिथं सोलापूरची लागली. तिच्यात मी बसले.

सोलापुरात माझं कुणी नव्हतं. अभ्यासक्रमात मिळालेल्या यादीत तिथल्या एका शाळेचं नाव होतं, तेवढाच धागा. ती शाळा मंगळवारी उघडणार होती. दोन दिवस मी स्टँडवर काढले. बायकांच्या बाकावर ट्रंकेला पाय लावून बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, गाडी चुकली. कुंटेबाईंच्या भाकऱ्या सोमवारी दुपारपर्यंत पुरल्या. त्याच बाकावर बसून मी दादाला अंतर्देशीय लिहिलं: रुजू झाले. खोली चांगली आहे. काळजी करू नये. माझी काळजी कुणी करत होतं की नाही, मला माहीत नव्हतं, पण पत्रात तसं लिहायची पद्धत असते.

मंगळवारी त्या शाळेतल्या मुख्याध्यापिकांनी मला तासभर बाहेर बसवून ठेवलं आणि मग आत घेतलं. एक शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर जाणार होती. जुलैपासून तीन महिने, असं ठरलं. त्या तीन महिन्यांची पुढे सत्तावीस वर्षं झाली.

दिवाळीला परभणीला गेले. दादानं नवा पत्ता पाहिला होता. बार्शीचं सोलापूर कसं झालं हे त्यानं विचारलं नाही. मला वाटलं, त्याच्या लक्षात आलं नसेल. भाऊबिजेच्या दिवशी मी पाट मांडायला घेतला आणि ओवाळायला निरांजनाची वात करायला कापूस हवा होता, म्हणून भिंतीतल्या फळीवर हात घातला. तिथं लाइटबिलांच्या गठ्ठ्यात बार्शीचं पाकीट होतं. माझ्या नावाचं. मागे परभणी पोस्टाचा शिक्का चौदा जूनचा. सोमवारी, मी सोलापूरच्या स्टँडवर होते त्याच दिवशी, ते घरी पोचलेलं होतं.

पाकीट फोडलेलं होतं. पत्र वाचून, नीट घडी घालून परत आत ठेवलेलं होतं.

मी ते होतं तसं गठ्ठ्यात ठेवलं, कापूस घेतला, वात केली आणि दादाला ओवाळलं. त्यानं ताटात साडी घातली. वहिनी म्हणाली, "सोलापूर मानवलंय तुम्हाला, अंगानं भरलात." मी हो म्हटलं. त्यानंतर मी परभणीला जात राहिले, पण मुक्कामाला कधी राहिले नाही.

बार्शी सोलापूरहून दोन तासांवर. तिथं मी पुन्हा गेले नाही. देशमाने भेटले ते सात-आठ वर्षांनी, सोलापूरला, समाजकल्याणच्या कचेरीत. खूप थकले होते. मला त्यांनीच ओळखलं. आम्ही आवारातल्या बाकावर बसलो.

"कुंटेबाई गेल्या," ते म्हणाले. "मुदतवाढीचं दुसरं वर्ष संपायला महिना होता. झोपेत गेल्या. खोलीतच."

मी बाकावर त्यांच्याकडे वळून बसले.

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्याच दिवशी, शाळा उघडायच्या दिवशी, त्यांनी सोजरबाईला वर्गात नेऊन बसवलं. सगळ्यांदेखत सांगितलं, मला ऐकू येत नाही, आजपासून ही माझे कान. आम्ही नुसते बघत राहिलो. सोजरबाई भाकऱ्या उरकून रोज दोन तास वर्गात बसायची. पोरगं काही चुकीचं बोललं की कपाळाला हात लावायची." ते हसले. "चंपाचा बाप पुढच्या सुट्टीला आला तेव्हा फाटकातच बसून राहिला. उठेचना."

"खोली सोडून गेल्या नाहीत?"

"नाही. म्हणाल्या, ती परभणीची पोर खोटं बोलली माझ्यासाठी. तुम्ही तिला वेड्यात काढलंत असं म्हणाली. तुम्ही कुणाला वेड्यात काढणारे नव्हे, हे मला माहीत नाही होय? ओठ काही बोलले तरी डोळे दिसतात, म्हणाल्या. तिनं माझी लाज राखली, आता निघून गेले तर तिचं जाणं फुकट जाईल." देशमान्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्हाला पत्र लिहायला सांगत होत्या सारख्या. पत्ता परभणीचाच होता आमच्याकडे. दोन लिहिली मी. उत्तर आलं नाही."

"माझ्यापर्यंत पोचली नाहीत."

"असेल. पोस्टाचं काही खरं नाही."

आतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ते काठी टेकत उठले, दोन पावलं गेले आणि परत वळले.

"एक विचारायचं होतं. मनात राहिलं होतं इतकी वर्षं. त्या दिवशी तुम्ही परभणीच्या गाडीत बसला नाहीत, रिक्षावाल्यानं सांगितलं मला नंतर. सोलापूरच्या गाडीत बसलात. इथं कुणी होतं का तुमचं?"

ते उन्हात उभे होते आणि काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होते. हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता.

"होती एक मैत्रीण," मी म्हटलं.

"बरं झालं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मोकळा झाला. "बरं झालं बाई," असं पुन्हा एकदा म्हणून ते आत गेले.